जागल्याचा हिरवा दिवा

कॅप्टन हेमांगी तांडेलला एका गोष्टीचा भलता अभिमान होता. पुढचं सगळं रामायण त्या अभिमानातूनच उभं राहिलं, तेव्हा आधी तेवढं सांगून टाकलेलं बरं. गेल्या एकशे शहाण्णव ड्युट्यांत तिचा दिवा एकदाही पिवळा झाला नव्हता. लाल तर सोडाच.

दिवा म्हणजे जागल्याचा. कागदोपत्री त्या यंत्राचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण मेघयान एअरवेजच्या मराठी मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं करून टाकलं. जुन्या काळी गावात गस्त घालणारा जागल्या असायचा, त्याच्यावरून. हा जागल्या पायलटच्या हेडफोनच्या पट्टीत बसलेला होता. पट्टीच्या आत कानामागे आणि कपाळाला टेकणाऱ्या चार-पाच इवल्याशा चकत्या. माणूस जागा आणि तल्लख असला की मेंदूतल्या विजेच्या लहरी भराभर आणि बारीक चालतात. पेंग यायला लागली की त्या मंदावतात, लांब होतात. पापण्याही सावकाश मिटायला लागतात. डोळे उघडे असूनही मेंदू पाच-दहा सेकंद दुकान बंद करून बसतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. जागल्या हे सगळं टिपायचा आणि शंभरपैकी आकडा द्यायचा. ऐंशीच्या वर हिरवा, पासष्टच्या खाली लाल, मधला पिवळा.

हे यंत्र आलं आणि दोन हजार पस्तीस साली उड्डाणाचा जुना कायदाच बदलला. पूर्वी पायलटनं दिवसाला किती तास उडायचं ते घड्याळ ठरवायचं. आता म्हणे घड्याळ कशाला, मेंदूलाच विचारू. दिवा हिरवा असेल तर पायलट ताजा, आणि ताज्या पायलटला घरी कशाला बसवायचं? वरवर पाहिलं तर बोलणं अगदी बिनतोड होतं.

गंमत अशी की पिवळे दिवे बहुतेक परदेशी पायलटांचेच लागायचे. मेघयानकडे असे साठेक कॅप्टन होते, एजन्सीमार्फत कंत्राटावर आलेले. त्यांना समुद्राकाठी हॉटेल, न्यायला-आणायला स्वतंत्र गाडी, सहा आठवडे काम केलं की तीन आठवडे मायदेशी. पगाराचं तर बोलूच नका. ॲमस्टरडॅम, टोरांटोकडे जाणाऱ्या मोठ्या विमानांच्या डाव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टनच्या जागी, आजवर फक्त तेच बसले होते; देशातल्या फेऱ्या त्यांच्या वाट्याला अधूनमधूनच यायच्या. देशी पायलटांनी नागपूर, इंदूर, कोची करायचं, एकाच व्हॅनमधून आठ-आठ जणांनी फिरायचं आणि रोस्टर फोनवर कधी बदलेल याची वाट पाहायची. चीड सगळ्यांनाच होती. पण त्या चिडीवर एक मलमही होतं, ते म्हणजे हिरवा दिवा. ‘त्यांना खुर्ची देवानं दिली, पण हाडं आपल्याला दिली,’ असं म्हणून मंडळी मिशीला पीळ द्यायची.

पीळ देणाऱ्यांत हेमांगी सगळ्यांत पुढं. करंज्याच्या कोळीवाड्यातली पोर. सात पिढ्या समुद्रावर गेलेल्या. आणि आता तर कंपनीनं नवा नियम काढला होता, की सलग दोनशे हिरव्या ड्युट्या करणाऱ्या देशी कॅप्टनला मोठ्या विमानाची डावी खुर्ची मिळेल. बारा वर्षं ती त्या खुर्चीकडे डोळे लावून बसली होती. चार ड्युट्या उरल्या होत्या.

त्या मंगळवारी सकाळी नऊला ती नागपूरहून उतरली. पहाटे तीनपासून जागी होती. बॅग ओढत व्हॅनकडे निघाली, तेवढ्यात ड्युटी ऑफिसर सोनटक्के धावत आला.

“मॅम, टोमाश सरांचा पिवळा लागला. कोचीला जाल का?”

“परत पिवळा? काय माणूस आहे का मेणाची बाहुली!” हेमांगी हसली. “काल दिवसभर पोहत होता ना हॉटेलात?”

“अठ्ठ्याहत्तर आलाय. दोन आकड्यांनी हुकला.”

ती तपासणीच्या खोलीत गेली, पट्टी चढवली, पडद्यावरच्या फिरत्या ठिपक्याकडे दीड मिनिट पाहिलं. शहाऐंशी. हिरवागार.

“सोनटक्के, सुकट-भाकरीवर पोसलेली हाडं आहेत ही,” ती म्हणाली आणि परत विमानाकडे चालू लागली. दारात टोमाश उभा होता. पन्नाशीचा, उंच, झेक माणूस. त्यानं ओशाळून “सॉरी” म्हटलं. तिनं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि पुढं गेली.

उजव्या खुर्चीत इम्रान मुकादम होता, रत्नागिरीचा, तिचा नेहमीचा जोडीदार. त्याची ही दिवसातली तिसरी फेरी. दोघांनी कॉफी घेतली, सोनटक्केच्या नकला केल्या, विमान वर नेलं. आकाश स्वच्छ होतं आणि ऊन सरळ तोंडावर येत होतं.

मग कानात खालच्या नियंत्रण कक्षातून कुणीतरी ओरडलं. “मेघयान चारशे सतरा, तिसऱ्यांदा विचारतोय, ऐकू येतंय का?”

हेमांगीनं डोळे उघडले. म्हणजे ते मिटले होते, हे तिला तेव्हा कळलं. शेजारी इम्रानची हनुवटी छातीला टेकलेली. विमान आपलं आपण सरळ चाललं होतं. जिथं खाली उतरायला सुरुवात करायची ती जागा मागं पडली होती. तिनं घाईनं उत्तर दिलं, चुकीचा आकडा वाचला, दुरुस्त केला, इम्रानला हाताने हलवलं.

“या अल्ला,” तो पुटपुटला.

तिची नजर समोरच्या छोट्या दिव्यावर गेली. ब्याऐंशी. हिरवा.

त्यांनी विमान नीट उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. मागं एकशे ऐंशी माणसं बॅगा काढत होती, एक बाई बाळाला टोपडं घालत होती, आणि निघताना तिनं कॉकपिटच्या दाराशी थांबून बाळाचा हात हेमांगीला ‘टाटा’ करायला लावला. हेमांगीनंही टाटा केलं. मग दार लावून घेतलं आणि ती इम्रानकडे वळली.

इम्रानच्या टॅबवर नियंत्रण कक्षाच्या हाकांची नोंद होती, पहिल्या हाकेपासून उत्तरापर्यंत. दोघंही एकदमच गेले होते, चाळीस सेकंद.

“मॅम, यंत्र बिघडलंय.”

“दोघांचंही? एकाच वेळी?”

तिला भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त लाज. एकशे सत्त्याण्णव हिरवे दिवे मिरवले होते तिनं. त्यातले किती असे होते?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ती करंज्याच्या बंदरावर गेली. तिचा बाप हिराजी तांडेल सत्तरीला आला होता, होडी मुलाकडे सोपवून आता नुसता जाळी विणायचा. तो जेट्टीवर बसून फाटकं जाळं सांधत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. बापाला तरी खोटं काय सांगायचं!

हिराजीनं सुई जाळ्यात खोवून ठेवली. “चालीस शेकंद. बाय, तेवढ्यात होडी खडकावं जाते.”

“दिवा हिरवा होता, बाबा.”

“दिव्याला काय इचारतेस? आपल्या होडीवं काय करायचो, इसरलीस?”

ती विसरली नव्हती. हिराजीच्या होडीवर एक रीत होती. सुकाणू हातात घेण्याआधी प्रत्येकानं सगळ्या खलाश्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, काल आपण किती झोपलो ते. ‘झोप सांगणं’ म्हणायचे त्याला. सांगणाऱ्याला कुणी हसायचं नाही. कमी झोपलेल्याला सुकाणू मिळायचं नाही, मग तो होडीचा मालक का असेना. लहानपणी हेमांगीला त्याची मजा वाटायची.

“पण कुणी खोटं सांगितलं तर?”

“समोर सहा मानसं बसलेली असतात गो, ज्यांचा जीव तुझ्या हातात. त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला जीभ रेटत नाय.” म्हाताऱ्यानं दातानं दोरा तोडला. “एकदा मीच खोटं सांगितलं होतं. तुझा चुलता तवापासून लंगडतो.”

हे तिला कधीच माहीत नव्हतं. दादाकाकाचा पाय लाटेनं मोडला, एवढंच घरात सांगत आले होते. ती बापाशेजारी बसली आणि तिनं जाळ्याचं दुसरं टोक धरलं.

गुरुवारी सकाळची एकशे अठ्ठ्याण्णवावी ड्युटी आटोपून तिनं कॅन्टीनमध्ये टोमाशला गाठलं. तो एकटाच इडली खात होता, चमच्यानं, चटणी शेजारच्या वाटीत तशीच. परदेशी पायलट देशी टेबलावर सहसा येत नसत आणि देशीही त्यांच्याकडे जात नसत. ती सरळ जाऊन समोर बसली.

“परवा तुला खरंच थकवा होता?”

“थोडा,” तो म्हणाला. “नऊ तास झोपलो होतो. पण डोकं जड होतं जरा.”

“मी साडेतीन तास झोपले होते. मला शहाऐंशी मिळाले.”

टोमाशनं चमचा खाली ठेवला. पायलट होण्याआधी हा गडी इंजिनिअर होता. त्यानं पहिलाच प्रश्न नेमका विचारला. “तुझे शंभर कधी मोजले?”

इथं जागल्याचं मर्म सांगायला हवं. दोन माणसांचे मेंदू सारखे नसतात. एकाच्या लहरी मुळातच मंद, दुसऱ्याच्या मुळात तेज. म्हणून सगळ्यांना एक माप लावून चालत नाही. यंत्र प्रत्येकाला त्याच्या स्वतःशीच ताडून पाहतं. यंत्र पहिल्यांदा लावताना एकदा त्याची मोजणी होते, आणि त्या वेळी मेंदू जसा असेल तो त्या माणसाचा ‘शंभर’. पुढं जन्मभर सगळे आकडे त्या शंभराच्या तुलनेत. तेव्हा सगळा खेळ त्या एका दिवसाचा.

हेमांगीला तो दिवस आठवत होता. “चार फेऱ्या करून आले होते. इंदूर, परत, गोवा, परत. संध्याकाळी चार नंबरच्या खोलीत रांग होती. मी उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. तंत्रज्ञ म्हणाला, मॅडम, डोळे उघडा तेवढे, फोटोला उघडतो तसे.”

टोमाश हसला नाही. त्यानं फोन काढला आणि आपल्या कंत्राटातलं एक कलम तिच्यापुढं धरलं. मोजणी बहात्तर तासांच्या पूर्ण विश्रांतीनंतरच, चौथ्या दिवशी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान. त्यांच्याकडच्या पायलट संघटनेनं भांडून घालून घेतलेलं कलम होतं ते.

हेमांगीनं यंत्र आलं तेव्हा मिळालेलं आपलं सुधारित नेमणूकपत्र उघडलं. तिथं एकच ओळ होती. मोजणी कंपनीच्या सोयीनुसार.

तिला पटकन उमगलं. वाण्याच्या तराजूत रिकाम्या पारड्याला पासंग लावलेला असावा, तसं होतं हे. तिचा शंभर मुळातच थकलेल्या बाईचा. त्यामुळे ती थकली की यंत्र म्हणायचं, वा, अगदी नेहमीसारखी आहे ही. टोमाशच्या मापानं त्या मंगळवारी तिला पन्नास तरी मिळाले असते की नाही कोण जाणे. आणि हे तिचं एकटीचं नव्हतं. तीनशे चाळीस देशी पायलट त्याच चार नंबरच्या खोलीतून, रोस्टरमधून सवड न मिळता, ड्युटी संपवून गेले होते. आणि वर म्हणत होते, आपली हाडं वेगळी!

“आम्ही मूर्ख,” ती म्हणाली. “आमच्या थकव्याचाच आम्ही झेंडा करून नाचवला.”

टोमाशनं कलमाचा फोटो तिला पाठवून दिला. “हे बाहेर दाखवायची मला मनाई आहे,” तो म्हणाला. “पण माझे पिवळे दिवे तू भरून काढत होतीस. मला हे आधीच विचारायला हवं होतं.”

त्याच दुपारी ती चीफ पायलटच्या केबिनमध्ये गेली. कॅप्टन विद्याधर रेगे. तिला उडायला शिकवणारा हाच माणूस, तिच्या पहिल्या एकट्या उड्डाणानंतर प्रथेप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतणाराही हाच. तिनं दोन्ही कलमं टेबलावर ठेवली, चाळीस सेकंदांची नोंद ठेवली, आणि म्हणाली, “सर, आमची सगळ्यांची फेरमोजणी करा. बहात्तर तास झोपू द्या आणि मग मोजा.”

रेग्यांनी कागद पाहिलेही नाहीत. “चहा घेशील?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“तीन वर्षं,” रेगे म्हणाले. “बस हेमांगी. उभी राहून भांडू नकोस. तीनशे चाळीस जणांना तीन-तीन दिवस सुट्टी द्यायची, आणि त्यानंतर निम्म्यांचे दिवे रोज पिवळे. उद्या सकाळी निम्मी विमानं जमिनीवर. कंपनी टिकेल?”

“आणि एखादं विमान डोंगरात गेलं तर टिकेल?”

“गेलं का आजपर्यंत?”

“सर!”

रेग्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज खाली आणला. “हे बघ. तुझे एकशे नव्व्याण्णव होतील उद्या. परवा दोनशे. मोठ्या विमानाचं पत्र माझ्या खणात आहे, सहीसकट. आपल्यातलं पहिलं माणूस त्या खुर्चीत बसणार आहे. मी नाही बसू शकलो. तू बसशील. आणि आज तू म्हणतेस की हिरवे दिवे खोटे आहेत. मग सगळ्यांत आधी तुझेच पुसले जातील, कळतंय ना? एकदा तिथं पोच. मग आतून काय बदलायचं ते बदल.”

आता खरं सांगायचं तर हेमांगी डगमगली. माणूसच ती. बारा वर्षांची आस होती, आणि रेग्यांचं बोलणं वेडगळ नव्हतं. “आणि दिवा हिरवा असताना ड्युटी नाकारली तर गैरवर्तन धरलं जातं, हे तुला माहीत आहे,” ती दाराशी पोचली तेव्हा रेगे म्हणाले. तरी तिनं विमानवाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे तक्रार पाठवून दिली. तिसऱ्या तासाला उत्तर आलं, की सर्व आकडे मर्यादेत असल्याने कारवाईची आवश्यकता दिसत नाही. शुक्रवारी तिनं एकशे नव्व्याण्णवावी ड्युटी केली. हिरवी.

शनिवारी सकाळी अकराला दिल्लीचं विमान. मूळ रोस्टरवर एक परदेशी कॅप्टन होता, त्याचा पिवळा लागला. तिला दुपारच्या फेरीऐवजी सकाळीच घरून बोलावलं. पट्टी लावली. त्र्याऐंशी. सोनटक्केनं तर पेढ्यांचा पुडा लपवून ठेवला होता. “मॅम, दोनशे! उतरलात की तोंड गोड करू.”

ती आणि इम्रान कॉकपिटमध्ये बसले. दार बंद झालं. मागं एकशे शहाऐंशी माणसं. तिनं तपासणीची यादी वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीवर तिला आठवेना, दुसरी वाचली की नाही. तिनं परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तिसऱ्या ओळीवर तेच.

“इम्रान, तू किती झोपलास?”

त्यानं यादीवरून नजर काढली. मग म्हणाला, “चार तास. तुम्ही?”

“दोन दिवसांत सात. तीन तुकड्यांत.”

दिवा समोर हिरवा होता. तिला त्या बाळाचा टाटा आठवला. दादाकाकाचा पाय आठवला. तिला पत्र हवं होतं, खुर्ची हवी होती, सगळं हवं होतं. पण मागं जी माणसं बसली होती त्यांच्या डोळ्यांत ती पाहत नव्हती, आणि म्हणूनच हे इतकी वर्षं जमत आलं होतं. तिनं कॉकपिटमधला माइक उचलला नाही. ती उठली, कॉकपिटचं दार उघडलं आणि पहिल्या रांगेसमोर येऊन उभी राहिली. मग हवाईसेविकेच्या हातातून माइक घेतला.

“नमस्कार. मी कॅप्टन हेमांगी तांडेल. हे विमान मी चालवणार आहे, असं तुमच्या तिकिटाच्या कंपनीचं म्हणणं आहे. माझ्या वडिलांच्या होडीवर सुकाणू धरणाऱ्याला आधी झोप सांगावी लागायची. ती मी तुम्हाला सांगते. गेल्या अठ्ठेचाळीस तासांत मी सात तास झोपले. माझ्या जोडीदाराची काल रात्रीची झोप चार तास. मंगळवारी आम्ही दोघं आकाशात चाळीस सेकंद झोपलो होतो. कंपनीचं यंत्र म्हणतं आम्ही ताजेतवाने आहोत, कारण ते यंत्र आम्हाला थकवूनच जुळवलेलं आहे. परदेशातून आलेल्या पायलटांना तीन दिवस झोपू देऊन जुळवतात. ते थकले तर त्यांना घरी पाठवतात आणि त्यांच्या जागी आम्हाला. मेंदू त्यांचाही तसाच, आमचाही तसाच. हे विमान मी नेणार नाही. त्रासाबद्दल माफी मागते.”

हेच तिनं हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं. मग एकदम सगळेच बोलायला लागले.

“आमची मीटिंग आहे! हा काय तमाशा लावलाय?” सूट घातलेला एक गृहस्थ ओरडला.

“मीटिंग राहू द्या हो,” मागच्या रांगेतली एक आजीबाई त्याच्यावर खेकसली, “आधी जिवंत पोचा!” मग ती हेमांगीकडे वळली. “बाई गं, तू जेवलीस तरी का?”

हेमांगीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दहा-बारा फोन तिच्यावर रोखलेले होते. कॉकपिटमध्ये परतून तिनं हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला. पट्टीचा दिवा तेवढ्या वेळातही हिरवा होता. इम्राननं आपला हेडफोन त्याच्या शेजारी ठेवला.

निलंबनाचं पत्र तिला व्हॅनमध्येच मिळालं. खणातलं ते दुसरं, मोठ्या विमानाचं पत्र रेग्यांनी फाडलं असावं. सोनटक्के पेढ्यांचा पुडा हातात घेऊन खिडकीशी उभा होता, काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. तिनंच पुडा घेतला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, “दोनशेवा माझ्याच तोंडानं पिवळा केला, त्याचा.”

तिचा व्हिडिओ दुपारपर्यंत सगळीकडे गेला. कंपनीनं पत्रक काढलं, की एका कर्मचारी महिलेचा वैयक्तिक मानसिक ताण. ते वाचून मंडळींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी सकाळी इंदूरच्या विमानात एका देशी कॅप्टननं प्रवाशांसमोर उभं राहून झोप सांगितली. दुपारपर्यंत नागपूर, गोवा, कोची. कुणी विमान नाकारलं नाही की घोषणा दिल्या नाहीत. विमानं ठरल्याप्रमाणे उडवतही होते. फक्त निघताना सांगायचं. ‘साडेपाच तास.’ ‘सहा.’ ‘चार, आणि घरी बाळ आजारी आहे.’ प्रवासी ऐकायचे, आणि साडेचार तासवाल्याच्या विमानातून पंचवीस माणसं उतरून जायची. पायलटनं प्रवाशांशी बोलू नये असा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. कंपनीनं तो घाईघाईनं लिहायला घेतला, तोवर फार उशीर झाला होता.

कंपनीचं कंबरडं मोडलं ते मंगळवारी. ॲमस्टरडॅमचं मोठं विमान. डाव्या खुर्चीतून टोमाश उठला, बाहेर आला आणि आपल्या ओबडधोबड इंग्रजीत म्हणाला, “मी टोमाश. मी गेल्या दोन दिवसांत एकोणीस तास झोपलो. माझ्या उजवीकडे बसलेला गृहस्थ माझ्यासारखंच काम करतो. तो दोन दिवसांत नऊ तास झोपला. आमच्या यंत्रावर त्याचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आहे. तुम्हीच विचार करा.” एवढं बोलून तो परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याचं कंत्राट तिथंच संपलं आणि आठवड्याभरात तो मायदेशी गेला. जाताना त्यानं हेमांगीच्या घरी सुकटीची चटणी खाल्ली, घाम पुसत पुसत, वाटी संपेपर्यंत.

नवव्या दिवशी नियामकाला जाग आली. आपल्याच मर्यादेतले आकडे त्यांना एकाएकी अमर्याद वाटू लागले. हुकूम निघाला. देशी असो की परदेशी, मोजणी सगळ्यांची बहात्तर तास विश्रांती देऊनच, आणि जुन्या मापावरचे सगळे हिरवे दिवे रद्द. रेगे म्हणाले होते तसंच झालं, पुढचे दोन महिने निम्मी विमानं जमिनीवर होती. तिकिटं महागली, लोकांनी शिव्या घातल्या. काही हेमांगीलाही. रेग्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. जाण्याच्या दिवशी त्यांनी तिला एकाच ओळीचा निरोप पाठवला, ‘मला झोप सांगायचं धाडस झालं नसतं.’

निलंबन मागं घेतलं गेलं. पण तिचे एकशे नव्व्याण्णव दिवे पुसले ते पुसलेच. दोनशेचा नियमही गेला. मोठ्या विमानासाठी आता सगळ्यांची एकच परीक्षा, एकच रांग, आणि तिच्यापुढं तेवीस नावं. इम्रान हळहळला तर ती खवळली. “रांग तर लागली ना? पूर्वी दारच नव्हतं.”

मोजणीआधीचे तीन दिवस ती बापाच्या घरी झोपली. म्हणजे अक्षरशः झोपली. हिराजी मध्येच येऊन श्वास चाललाय का बघून जायचा. चौथ्या दिवशी सकाळी अकराला तिचा नवा शंभर नोंदवला गेला, आणि तेव्हा तिला जाणवलं की रंग इतके स्वच्छ असतात, माणसांचे आवाज इतके जवळून येतात. हे सगळं आपण बारा वर्षं कुठं हरवून बसलो होतो, या विचारानं तिला भयंकर राग आला.

महिनाभरानं, एका बुधवारी दुपारी, दोन फेऱ्या करून ती तिसरीसाठी तपासणीच्या खोलीत आली. पट्टी चढवली. ठिपक्याकडे पाहिलं. दिवा क्षणभर हिरवा झाला, अडखळला आणि पिवळा होऊन स्थिरावला.

चौऱ्याहत्तर.

सोनटक्केनं घाबरून तिच्याकडे पाहिलं. सगळ्या कंपनीत हिचा पिवळा कुणी पाहिलाच नव्हता. हेमांगी त्या दिव्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. तिनं पट्टी काढली, बॅगेचा दांडा वर ओढला.

“मॅम, आता?”

“आता काय? दुसरा माणूस बोलवा,” ती म्हणाली. “मी दमलेय.”

आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं ती घरी झोपायला निघून गेली.